सौम्य शब्द आणि झाकलेला कर्ता : मराठीतील जातिनामांच्या पर्यायांविषयी

१

वंश आणि वर्ण यांचा निर्देश कोणत्या शब्दांनी करावा, हा वाद इंग्रजीत गेल्या शतकभरात अनेकदा झाला आहे. 'नीग्रो', 'कलर्ड', 'ब्लॅक', 'आफ्रिकन-अमेरिकन' अशी नावे अमेरिकेतील एकाच लोकसमूहासाठी आलटूनपालटून प्रचारात आली. १९०९ साली स्थापन झालेल्या तेथील प्रमुख हक्कसंघटनेच्या नावात 'कलर्ड पीपल' हे शब्द अद्याप आहेत. १९४४ मधील एका शिक्षणनिधीच्या नावात 'नीग्रो' हा शब्द अद्याप आहे. तेच शब्द आज कोणी सहज बोलण्यात वापरले तर तो अपमान ठरतो. १९८८ च्या अखेरीस जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन' या नावाचा जाहीर पुरस्कार केला, आणि २०१६ साली ओबामा यांनी संघीय कायद्यांतील 'नीग्रो'सारखे जुने शब्द काढून टाकणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. भाषावैज्ञानिक स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ साली या प्रक्रियेचे वर्णन करण्यासाठी जी प्रतिमा योजली, तिला मराठीत 'सौम्योक्तीचे रहाटगाडगे' म्हणणे अधिक समर्पक होईल. नवे गाडगे रिकामे खाली जाते आणि त्याच विहिरीचे पाणी घेऊन वर येते.

आपल्या मराठी विभागांतून या वादाची दखल घेतली जाते ती बहुधा विनोदाच्या अंगाने. 'पोलिटिकली करेक्ट' हा शब्दप्रयोग आपण उच्चारतो तोच मुळी कोणाची तरी खिल्ली उडविण्यासाठी. इंग्रजांचे हे फाजील सोवळे आहे, आपली भाषा रोखठोक आहे, असा एक सुखद समज त्यामागे असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज निराधार आहे. जातीच्या संदर्भात सौम्य शब्द योजण्याचा मराठीचा इतिहास इंग्रजीतील वादापेक्षा अधिक जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. इतकेच नव्हे, तर आज मराठीत एक सौम्य शब्द इतका स्थिरावला आहे की तो सौम्य शब्द आहे हेही आपल्या लक्षात येईनासे झाले आहे. त्या शब्दापर्यंत जाण्यापूर्वी त्याआधीच्या शब्दांचा प्रवास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

२

सौम्योक्ती ही मराठीची जुनी सवय आहे. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटत नाही, ती वाढते; दुकान बंद होत नाही, ते वाढविले जाते; रात्री सापाला 'जनावर' म्हटले जाते आणि रोगाला 'देवी' आल्या असे म्हटले जाते. या सर्व प्रयोगांमागे अशुभाची भीती आहे. जातिनामांच्या बाबतीत जी सौम्योक्ती आढळते तिच्यामागील भावना मात्र वेगळी आहे. तेथे भीती अशुभाची नसून उघड होण्याची असते. आणि उघड होणारा माणूस दरवेळी एकच नसतो, हे पुढे दिसेल.

फारसीत 'मेहतर' या शब्दाचा अर्थ 'थोर', 'श्रेष्ठ' असा आहे. मैला वाहणाऱ्या माणसाला हा शब्द लावणाऱ्यांनी एक प्रकारे त्याचा गौरवच केला होता. 'हलालखोर' म्हणजे कष्टाची, सचोटीची भाकरी खाणारा. झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबराने रूढ केले, असे 'ऐन-ए-अकबरी'त नमूद आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करात महार शिपायांना 'परवारी' म्हणत. या गौरवाने कोणाच्या डोक्यावरची पाटी उतरली नाही. उलट काही पिढ्यांत 'मेहतर' हाच शब्द हीनतावाचक झाला. पिंकर यांनी सांगितलेले रहाटगाडगे मराठी मुलखात फार पूर्वीपासून फिरत होते, ते असे.

विसाव्या शतकात हे कार्य सुधारकांनी हाती घेतले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापन केलेल्या 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'चे मराठी नाव 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी' असे होते. शिंद्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. या प्रश्नासाठी त्यांच्याइतका झिजलेला सवर्ण सुधारक विरळा. तथापि 'निराश्रित' हा शब्द काय सांगतो हे पाहावे. ज्याला आश्रय नाही तो निराश्रित. पूर आला, दुष्काळ पडला, तरी माणूस निराश्रित होतो. अस्पृश्यता मात्र पुरासारखी कोसळलेली नव्हती. पुढे स्वतः शिंद्यांनीच १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाला 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हे थेट नाव दिले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

त्याच वर्षी, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, पुण्यातून गांधीजींचे 'हरिजन' साप्ताहिक निघू लागले. या नावाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. एका प्रसंगाचा मात्र उल्लेख केला पाहिजे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांसंबंधीच्या दुरुस्ती विधेयकातून अस्पृश्य जातींसाठी 'हरिजन' ही संज्ञा कायद्यात आणण्याचा प्रयत्न झाला. त्यास दादासाहेब गायकवाड यांनी विरोध केला, आणि ती सूचना मान्य होत नाही असे दिसताच डॉ. आंबेडकर आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. आम्ही तेवढी देवाची माणसे, तर मग बाकीची कोणाची, असा त्या आक्षेपाचा आशय होता.

यावरून आंबेडकरांना नामांतरच नको होते असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला सादर केलेल्या पुरवणी निवेदनात त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव बदलावे अशी मागणी केली होती आणि 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' यांसारखे पर्याय सुचविले होते. हे शब्द गोड नाहीत, ते भांडखोर आहेत. त्यांत करुणेची याचना नाही, नकार आहे. तेव्हा प्रश्न नाव बदलावे की नाही असा नव्हता. नवे नाव कोण देतो आणि ते काय झाकते, असा होता.

३

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या साहाय्याने देता येते, असे मला वाटते. आतापर्यंत वापरात आलेली नावे त्यांच्या घडणीनुसार दोन गटांत विभागून पाहू. 'निराश्रित', 'हरिजन', 'मागासवर्गीय', 'गिरिजन' हा एक गट. 'बहिष्कृत', 'दलित', 'वंचित', 'विमुक्त' हा दुसरा. दुसऱ्या गटातील प्रत्येक शब्द संस्कृत क्त-प्रत्ययाने सिद्ध झालेले कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. कर्मणि रूपाचे वैशिष्ट्य असे की त्यात कर्ता उच्चारला नसला तरी गृहीत असतो. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा कोणीतरी आला. दलित म्हटले की दळणारा, भरडणारा आला. वंचित म्हटले की ज्याने वंचना केली तो आला. या शब्दांतून कर्ता अनुक्त असतो, पण अनुपस्थित नसतो.

पहिल्या गटात असे होत नाही. 'हरिजन' या शब्दात कर्त्याला जागाच नाही. 'मागासवर्गीय' तर त्याहून पुढे जातो. जणू काही हा माणूस चालता चालता आपल्याच पायांनी मागे राहिला. 'निराश्रित' हा दिसायला आणि घडणीलाही दुसऱ्या गटासारखा आहे. पण त्यातील निषेध 'आश्रय' या नामाला गिळतो, आणि ज्याने आश्रय नाकारला तो दिसेनासा होतो.

आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या सभेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी' होते, आणि १९२७ साली काढलेल्या पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत'. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या संमेलनाने आपल्या साहित्याला 'दलित' म्हटले. १९७२ साली तरुणांच्या संघटनेने तेच नाव घेतले. हे शब्द ज्यांनी स्वतःसाठी निवडले त्यांनी व्याकरणाचा विचार करून निवडले असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. परंतु जे शब्द आतून आले ते कर्त्याला उघडे ठेवणारे निघाले आणि जे वरून आले ते बहुतेक कर्त्याला झाकणारे निघाले, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. इंग्रजीतही अलीकडे असेच काहीसे घडले आहे. तेथील इतिहासलेखक आता 'स्लेव्ह' या नामाऐवजी 'एन्स्लेव्हड' हे धातुसाधित पसंत करतात. गुलाम हा कोणाचा जन्मजात प्रकार नव्हे, कोणीतरी त्याला गुलाम केले, हे त्यातून सूचित व्हावे म्हणून. ज्या 'पोलिटिकली करेक्ट' भाषेची आपण थट्टा करतो, तिच्यातील हा बदल सौम्य मुळीच नाही. तो पूर्वीच्या शब्दापेक्षा कठोर आहे.

या कसोटीवर 'अनुसूचित' हा शब्द विचित्र ठिकाणी सापडतो. तोही क्त-प्रत्ययान्तच आहे. पण त्यातील कर्ता म्हणजे सूची करणारे सरकार. १९३५ च्या कायद्याने ही संज्ञा आणली आणि राज्यघटनेने ती स्वीकारली. कायद्याच्या कामासाठी ती निर्दोष आहे. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'दलित' शब्द टाळून 'अनुसूचित जाती' ही संज्ञा वापरण्याचा सल्ला वृत्तवाहिन्यांना दिला, तेव्हा या दोन शब्दांतील अंतर ठळक झाले. 'दलित साहित्या'ला 'अनुसूचित जातींचे साहित्य' म्हणून पाहावे. त्या वाक्यातून साहित्य निघून जाते आणि कचेरी उरते. 'दलित' हे नाव नको असे म्हणणारे लेखक चळवळीतही आहेत. 'आंबेडकरवादी' किंवा 'बौद्ध' ही नावे त्यांना अधिक स्वाभिमानाची वाटतात. तो त्यांचा अधिकार आहे आणि ती चर्चा त्यांच्यात चालू राहील. शासकीय सल्ल्याने ती संपविता येत नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

४

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे त्यात सुचविले होते. निर्णयाचा हेतू चांगला आहे. ज्याला रोज शाळेच्या दाखल्यावर, टपालाच्या पाकिटावर आपल्या वस्तीचे नाव लिहावे लागते, त्याच्या दृष्टीने हा बदल किरकोळ नाही. 'नावात काय आहे' हा प्रश्न विचारणे ज्याचे नाव कधी शिवी म्हणून वापरले गेले नाही त्यालाच परवडते.

तरीही त्या यादीतील एका नावापाशी अभ्यासकाने थांबले पाहिजे. 'बौद्धवाडा' हे नाव १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर लोकांनी मोठ्या अभिमानाने घेतलेले. जात टाकून धम्म स्वीकारल्याची ती खूण होती. साठ-सत्तर वर्षांत तेच नाव जातिवाचक नावांच्या यादीत आले. गाव बदलले नाही, म्हणून गावाने धर्माचे नावही जातीच्या खुंटीला बांधले. 'भीमनगर' या नावाचेही तेच होऊ लागले आहे. बारामती असो की इंदापूर, भिगवण असो की निमगाव केतकी, भीमनगर म्हणजे कोणाची वस्ती हे परगावच्या पाहुण्यालाही सांगावे लागत नाही. पाटी बदलली, पत्ता तोच राहिला.

असे का होते याचे उत्तर माझ्या मते एका दुसऱ्याच शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'समाज'.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा मंगल कार्यालयांच्या, वधू-वर मेळाव्यांच्या, सत्काराच्या पाट्या वाचाव्यात. त्यांत 'जात' हा शब्द शोधूनही सापडणार नाही. अमुक समाज, तमुक समाज, समाजबांधव, समाजभूषण, आणि २०१६ पासून विशेष प्रचारात आलेले 'सकल' हे विशेषण. बातम्यांतून 'एका विशिष्ट समाजाचा' तरुण असतो. आंतरजातीय विवाह 'दोन भिन्न समाजांतील' असतो. सभ्य बोलण्यात 'तुमची जात कोणती' हे विचारणे असंस्कृतपणाचे. 'कोणत्या समाजाचे' हे विचारणे मात्र चालते. त्याहून सभ्य मंडळी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग पाहुणे कोठले ते विचारतात, आणि शेवटी समाधानाने म्हणतात, 'म्हणजे आपल्यातलेच की!'

आता या शब्दाचा इतिहास पाहावा. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, १८७५ साली आर्य समाज आला. या तिन्ही नावांत 'समाज' म्हणजे माणसांनी विचारपूर्वक एकत्र येणे. त्यात मनुष्य जन्माने येत नसे, मताने येत असे. आणि मत बदलल्यास बाहेरही पडू शकत असे. जातीचे बंधन शिथिल करण्यासाठी जो शब्द वापरात आला, तोच शब्द शतकभरात जातीचा पर्याय होऊन बसला. एका संज्ञेच्या अर्थाचा याहून करुण उलटा प्रवास मराठीत दुसरा क्वचितच असेल. शासनाने 'समाजकल्याण' असे खाते काढले, आणि बोलीत 'समाजकल्याणचे वसतिगृह' म्हणजे ठराविक जातींच्या मुलांचे वसतिगृह असा अर्थ झाला. तोच प्रकार 'समाजमंदिरा'चा.

पूर्वीच्या सौम्योक्तींत आणि या सौम्योक्तीत एक मूलगामी फरक आहे. 'हरिजन' किंवा 'मागासवर्गीय' हे शब्द पीडितांपुरते होते. 'समाज' सर्वांना सारखाच लागू पडतो. वरकरणी हे समतेचे लक्षण वाटेल. पण त्यामुळेच जातीतील उतरंड शब्दातून पूर्णपणे पुसली जाते. शेजारी-शेजारी सुखाने नांदणारे अनेक 'समाज' असे चित्र उभे राहते, आणि कोण कोणाच्या वर उभा आहे हे विचारण्याची सोय राहत नाही. इंग्रजीतील शब्द जखमी माणसाला सांभाळण्यासाठी बदलले. आमच्या या शब्दाने जखम करणाऱ्यालाही आडोसा मिळाला.

जेथे हक्काचा प्रश्न येतो तेथे हा आडोसा क्षणात गळून पडतो, याचे उदाहरण आमच्याच भागातील आहे. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर धनगर आरक्षणाचे मोठे आंदोलन बारामतीत झाले. त्या प्रश्नाच्या मुळाशी एक अक्षर आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. ती 'धनगर' अशी वाचावी ही मागणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. मागणी योग्य की अयोग्य याचा निर्णय करण्याचे हे स्थळ नव्हे. भाषेच्या अभ्यासकाने एवढेच नोंदवावे की 'र' आणि 'ड' यांतील अंतरावर हजारो कुटुंबांची मुले कोणत्या रांगेत उभी राहतील हे ठरत असते, आणि अशा वेळी कोणालाही मोघम शब्द चालत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे जाहीर केले. त्या रकान्यातही 'आपल्यातलेच' हे उत्तर चालणार नाही.

महाविद्यालयाच्या खिडकीवर तर रहाटगाडगे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. 'बीसीचा फॉर्म', 'कॅटेगरी कोणती' हे शब्द तेथे निर्विकार कामकाजाचे म्हणून आले. आज विद्यार्थ्यांच्या आपसातील बोलण्यात 'कॅटेगरीवाला' हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जातो, हे वर्गावर जाणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकास ठाऊक आहे. कायद्याची कोरी संज्ञाही त्याच विहिरीत उतरली.

५

या सर्व काळात मराठी साहित्याने कोणता मार्ग धरला? अगदी विरुद्ध. बाबूराव बागुलांच्या १९६३ मधील कथासंग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. जात लपविणे हा गुन्हा कोणाचा, हा प्रश्न त्या शीर्षकातच आहे. त्यानंतर दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४). या शीर्षकांत एकही सौम्य शब्द नाही. जगाने दिलेली शिवी लेखकाने उचलून आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ठेवली, आणि तिचा उच्चार करण्याची जबाबदारी वाचकावर टाकली. 'उपरा' आणि 'उचल्या' यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा राजधानीतील समारंभात हेच शब्द उच्चारावे लागले.

'उचल्या'चे उदाहरण विशेष विचारात घेण्यासारखे आहे. शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत 'भामटा' या नोंदीखाली 'उचले', 'घंटिचोर' अशी नावे आजही आहेत. सवलत हवी असेल तर चोर हे नाव सांगावयाचे! ज्या कायद्याने या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि 'विमुक्त' हे नाव आले. ज्या वसाहतींत त्यांना कुंपणाआड ठेवले होते त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. 'स्थिर होणे' असा अर्थ असलेला तो सरकारी शब्द म्हणजे सौम्योक्तीचा आणखी एक नमुना. सोलापुरात तो वस्तीच्या नावात अद्याप टिकून आहे. नाव विमुक्त झाले, संशय झाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदासंबंधी निर्णय देताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी रद्दबातल ठरविल्या. म्हणजे नामांतरानंतर बहात्तर वर्षांनीही ते करावे लागले. पालांवर राहणाऱ्या पारध्यांविषयी आमच्या तालुक्यांत आजही जे सहज बोलले जाते, ते ऐकल्यास याचे आश्चर्य वाटणार नाही.

आणि आपली स्वतःची प्रमाण मराठी? 'भामटा' म्हणजे ठक, हा अर्थ आपण कोशात देतो. घाईघाईच्या कामाला 'घिसाडघाई' म्हणतो आणि त्यात घिसाडी जमातीचे नाव आहे हे विसरतो. पोरकट हालचालींना 'डोंबाऱ्याचा खेळ' म्हणतो. यादीतील नाम बदलले. वाक्प्रचार, विशेषणे आणि एकेरी संबोधने यांना कोणी हात लावला नाही. नामांतराच्या शासन-निर्णयांची पोहोच भाषेच्या इतक्या आत नसते. ते काम झालेच तर शिक्षकांकडून होईल.

येथे एक आक्षेप संभवतो. जर लेखकाने शिवी मुखपृष्ठावर ठेवली, तर ती आम्ही उच्चारण्यास हरकत कोणती? वास्तवाशी प्रामाणिक राहण्यासाठी मूळ शब्दच का वापरू नये? याचे उत्तर पुन्हा व्याकरणात आहे. जातिनाम प्रथमपुरुषात आले की ती साक्ष असते. द्वितीयपुरुषात आले की तो आघात असतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो दंडनीय ठरविला आहे. तृतीयपुरुषात आले की ते वर्णन असते, आणि वर्णन करणाऱ्यावर काळ, संदर्भ आणि हेतू यांचे भान ठेवण्याची जबाबदारी असते. 'अक्करमाशी' म्हणण्याचा लिंबाळ्यांचा अधिकार त्यांच्या प्रथमपुरुषातून आलेला आहे. तो समीक्षकाला हस्तांतरित होत नाही.

६

हा प्रश्न आपल्या विभागांशी प्रत्यक्ष संबंधित आहे, म्हणून शेवटी आपल्या लेखनाकडे वळू. पदव्युत्तर निबंधांतून आणि पीएच.डी.च्या प्रबंधांतून एक विशिष्ट गद्य रूढ झाले आहे. कादंबरीचा नायक 'तळागाळातील' असतो, नायिका 'उपेक्षित घटकातील' असते, संघर्ष 'प्रस्थापित' आणि 'वंचित' यांच्यात होतो. लेखकाने ज्या जातीचे नाव स्पष्ट लिहिले आहे ते प्रबंधात एकदाही येत नाही. विद्यार्थी हे भीतीने करतो. मार्गदर्शक त्यास सभ्यता समजतो. परिणाम असा होतो की महार, मांग, ढोर, कैकाडी, कोल्हाटी, पारधी यांच्या जीवनांतील आणि परस्परसंबंधांतील सारे भेद एका धूसर 'वंचित'मध्ये विरघळतात. क्त-प्रत्ययान्त शब्दसुद्धा असा सरसकट वापरला की निर्जीव होतो. त्यातील कर्ता पुन्हा झाकला जातो.

तेव्हा काही साध्या पथ्यांचा विचार व्हावा. संहितेत जो शब्द आहे तो संहितेचा म्हणून जसाच्या तसा द्यावा. त्याची साफसफाई करू नये. ज्या काळाविषयी लिहावयाचे त्या काळाचा शब्द त्या काळाच्या नावाने द्यावा; १९२७ च्या 'बहिष्कृतां'ना 'अनुसूचित जाती' म्हणणे हा कालविपर्यास आहे. आपल्या स्वतःच्या वाक्यात मात्र, ज्यांच्याविषयी लिहितो ते आज स्वतःला ज्या नावाने संबोधतात तेच नाव वापरावे, आणि त्यांच्यात मतभेद असतील तर त्यांचीही नोंद करावी. 'जात' जेथे म्हणावयाचे आहे तेथे 'समाज' म्हणू नये.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य वाक्यरचनेचे आहे. महाडच्या सत्याग्रहाविषयी आपले विद्यार्थी लिहितात, 'अस्पृश्यांना चवदार तळ्याचे पाणी मिळत नव्हते.' पाणी तळ्यात होते आणि नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीरही केले होते. तरीही पाणी 'मिळत नव्हते' याचा अर्थ काय? 'महाडचे सवर्ण अस्पृश्यांना पाणी भरू देत नव्हते,' असे लिहिले की वाक्यात माणसे येतात. शब्द एकही बदलला नाही. कर्ता तेवढा जागेवर आणला. एवढ्या साध्या दुरुस्तीने प्रबंधाची दृष्टी बदलते, असा माझा अध्यापनातील अनुभव आहे.

१९२८ साली अमेरिकेतील एका शाळकरी मुलाने ड्यू बॉइस यांना पत्र लिहून 'नीग्रो' हा शब्द वापरू नये अशी विनंती केली होती. नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, तेव्हा नावामागील माणसाचे स्थान बदलण्यासाठी झटावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्या मुलाची बाजूही काळाने खरी ठरविली, कारण तो शब्द अखेर गेला. दोघांचेही म्हणणे आपण एकत्र ऐकावे असे मला वाटते. ज्याला नाव बोचते त्याला ते टाकण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्याने दिलेले नवे नाव इतरांनी मुकाट्याने स्वीकारावे. पण त्या नव्या नावाच्या आड आपला पत्ता लपविण्याचा अधिकार इतरांना नाही. मराठीच्या अध्यापकाने निदान वाक्यातील कर्ता विद्यार्थ्यांना ओळखावयास शिकवावा. व्याकरणाच्या तासाला आपण ते शिकवतोच. साहित्याच्या तासाला विसरतो.